तारे, नक्षत्रे आणि आपण

आपल्या निवासी विद्यालयात पाल्याचे नाव दाखल करताना काही पालक जन्मतारखेबरोबर त्याचे नक्षत्रही सांगतात. "मूळ नक्षत्रावरचा आहे सर, जरा सांभाळून घ्या", "हिला मंगळ आहे, निदान शिक्षण तरी पुरे होऊ द्या" अशी वाक्ये आम्हां शिक्षकांच्या कानी आजही पडतात. ज्या घरांनी पंचांग केव्हाच माळ्यावर टाकले, त्या घरांतसुद्धा मुलीचे लग्न ठरविण्याची वेळ आली की समोरच्या मंडळींकडून मंगळाची विचारणा होते आणि घरात कुजबुज सुरू होते. अशा वेळी "ते सारे खोटे आहे" एवढे म्हणून भागत नाही. खोटे काय हे सांगणाऱ्याने खरे काय तेही सांगावयास हवे. नक्षत्र म्हणजे नेमके काय, तारा कशाचा बनलेला असतो, तो किती दूर आहे आणि इतक्या दुरून ही माहिती माणसाच्या हाती लागली तरी कशी, हे या लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

गावाबाहेर, दिव्यांच्या झगमगाटापासून दूर, अमावास्येच्या आसपास आकाशाकडे पाहिले तर उघड्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसू शकतात. त्यांत चार-पाच ठिपके असे असतात की ते लुकलुकत नाहीत आणि आठवड्या-पंधरवड्यात शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत आपली जागा बदलतात. ते ग्रह होत. ग्रहांना स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा प्रकाश त्यांच्यावर पडून आपल्याकडे येतो. तारा मात्र स्वतःच्या तेजाने तळपतो. आपला सूर्य हाही एक तारा आहे, तोही फार मोठा नव्हे, मध्यम. तो आपल्याला दिवस देतो आणि बाकीचे तारे नुसते लुकलुकतात, याचे कारण एकच आणि ते म्हणजे अंतर.

हे अंतर मनात उतरविणे अवघड आहे. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने, एकाही स्थानकावर न थांबता धावणारी आगगाडी तेथे पोहोचावयास सुमारे १७१ वर्षे घेईल. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. त्याला हेच अंतर कापावयास ८ मिनिटे २० सेकंद लागतात. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा मात्र इतका दूर आहे की त्याचा प्रकाश येथे यावयास सव्वाचार वर्षे लागतात. म्हणून ताऱ्यांची अंतरे प्रकाशवर्षांत मोजतात. हिवाळ्यात सर्वांत तेजस्वी दिसणारा व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आज डोळ्यांत शिरलेला त्याचा किरण इयत्ता तिसरीतील मुलाच्या जन्माच्या सुमारास निघालेला असतो. ज्या माजी विद्यार्थ्यांचे वय आज पंचविशीच्या घरात आहे, त्यांनी अभिजित पाहावा. सदतिशीतल्यांनी स्वाती, आणि ज्यांनी पासष्टी गाठली त्यांनी रोहिणी. त्या त्या ताऱ्याचा आजचा प्रकाश त्यांच्या जन्मवर्षाच्या आगेमागे निघालेला आहे. ध्रुवाचा जो उजेड आज आपण पाहतो, तो तर शिवाजी महाराजांच्या जन्मापूर्वीच प्रवासास निघाला होता.

आता नक्षत्राकडे वळू. मृग नक्षत्र बहुतेकांच्या ओळखीचे असते. चौकोनाचे चार तारे, मधोमध तिरप्या रेषेतील तीन ताऱ्यांचा बाण. आकृती इतकी ठसठशीत आहे की हे सारे तारे एका कुटुंबातले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात त्या चौकोनातील निळसर पांढरा राजन्य सुमारे साडेआठशे प्रकाशवर्षांवर आहे, आणि दुसऱ्या कोपऱ्यातील तांबूस काक्षी त्याहून शेकडो प्रकाशवर्षांनी अलीकडे. बाणाच्या टोकाच्या रेषेत चमकणारा व्याध तर अगदी आपल्या अंगणात. शेताच्या बांधावरून पाहताना जवळचे बाभळीचे झाड, मागच्या गावाचे पाण्याचे टाके आणि क्षितिजावरचा डोंगर एका ओळीत दिसावेत, तशीच ही रचना आहे. पाहणारा जागेवरून हलला की ओळ मोडते. आपण पृथ्वीवरून कधी पुरेसे हलत नाही, म्हणून ती टिकून राहते. अपवाद आहेत. कृत्तिकेचा पुंजका खराखुरा पुंजका आहे. ते तारे एकाच मेघातून, एकाच सुमारास जन्मले आणि अजून एकत्र प्रवास करीत आहेत.

मग आपल्या पूर्वजांनी २७ नक्षत्रे कल्पिली ती कशासाठी? रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड असतात, त्यासाठी. चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी पूर्ण करावयास २७ दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो. त्याच्या वाटेचे २७ भाग पाडले की तो रोज साधारण एका भागात मुक्काम करतो. ही विलक्षण उपयुक्त सोय होती. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र चित्रेजवळ असतो तो चैत्र, कृत्तिकेजवळ असतो तो कार्तिक, मघेजवळ असतो तो माघ. बुद्ध पौर्णिमेला वैशाख पौर्णिमा म्हणतात, कारण त्या रात्री पूर्ण चंद्र विशाखा नक्षत्राच्या आसपास असतो. वंदनेनंतर वर पाहिले तर हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता येते.

शेतकऱ्याचे मृग नक्षत्र चंद्राचे नव्हे, सूर्याचे. ७-८ जूनला सूर्य आकाशातील मृगाच्या भागात येतो आणि "मृग निघाला" असे आपण म्हणतो. गंमत अशी की त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याबरोबर उगवतात व त्याच्याबरोबर मावळतात, त्यामुळे ते दिसतच नाहीत. ज्या मृगाच्या नावाने आपण पेरणी करतो, तो रात्रभर पाहावयाचा तर डिसेंबरची थंडी यावी लागते. पाऊस आणतात ते समुद्रावरून येणारे वारे. नक्षत्र ही त्या काळाची खूण आहे. आणि ही खूणही हळूहळू सरकते. भोवरा मंदावताना त्याचे डोके जसे घुमते, तसा पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी घेतो. त्यामुळे ऋतू व नक्षत्रे यांच्यात दर ७२ वर्षांनी सुमारे एका दिवसाचा फरक पडतो. दीड हजार वर्षांपूर्वी सूर्य मृगात शिरत असे तो ऋतूच्या हिशेबाने आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी. उत्तरायणाचा सण आपण १४ जानेवारीच्या सुमारास साजरा करतो. दिवस मात्र २२ डिसेंबरपासूनच मोठा होऊ लागलेला असतो. तो फरकही यातूनच आलेला. नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की कोल्हा, यावर पावसाचा अंदाज बांधणाऱ्यांनी निदान एवढे लक्षात घ्यावयास हवे.

ग्रहांच्या भीतीचा हिशेबही येथेच करून टाकू, कारण तो अगदी साध्या अंकगणिताचा आहे. शनी सूर्याभोवती एक फेरी साडेएकोणतीस वर्षांत करतो. बारा राशींनी भागले की एका राशीत जवळपास अडीच वर्षे. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षे, हीच साडेसाती. म्हणजे कोणत्याही क्षणी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालू असते, दर चार माणसांतील एकाला. मंगळाचे गणित त्याहून सोपे. पत्रिकेतील बारा स्थानांपैकी पाच ठिकाणी मंगळ असला तर दोष मानतात. म्हणजे दर बारा मुलींत सरासरी पाच जणी, आणि तितकेच मुलगेही, "मंगळाचे" ठरणार. पृथ्वीच्या निम्म्या व्यासाचा, गंजलेल्या लोखंडाच्या धुळीने तांबडा दिसणारा हा थंड ग्रह. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताने त्याच्याभोवती आपले यान फिरते ठेवले. त्याच्यामुळे एखाद्या हुशार मुलीचे लग्न अडावे, ही आम्हांस फार गंभीर गोष्ट वाटते.

जातककथांमध्ये 'नक्खत्त जातक' नावाची एक लहानशी गोष्ट आहे. शहरातील एका कुटुंबाने खेड्यातील मुलगी आपल्या मुलासाठी ठरविली, दिवसही ठरला. ऐनवेळी त्यांनी आपल्या ओळखीच्या एका तपस्व्यास मुहूर्त विचारला. आधी विचारले नाही म्हणून तो रुसला होता. त्याने नक्षत्र अशुभ असल्याचे सांगून टाकले. वऱ्हाड गेलेच नाही. वाट पाहून थकलेल्या खेड्यातल्या लोकांनी मुलीचे लग्न दुसऱ्याशी लावून दिले. दुसऱ्या दिवशी शहरवाले पोहोचले तेव्हा भांडणाखेरीज काही उरले नव्हते. ही कथा किती जुनी आणि आजच्या किती घरांत घडलेली, हे वाचकांनीच ठरवावे.

तारे कशाचे बनलेले आहेत, हा मात्र अंतराहून कठीण प्रश्न होता. १८३५ साली फ्रान्समधील तत्त्वज्ञ ऑग्युस्त कॉन्त याने लिहून ठेवले की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. त्याचे म्हणणे त्या काळी अगदी वाजवी वाटावे असेच होते. ताऱ्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणणार कोण? तथापि पंचवीस वर्षांच्या आतच उत्तर सापडले, आणि त्याचे बीज आपल्या चुलीत होते. जळत्या चुलीत चिमूटभर मीठ टाकले की ज्योत पिवळीधमक होते. तो रंग मिठातील सोडियमचा. दिवाळीच्या शोभेच्या दारूत लाल रंग स्ट्रॉन्शियम देते, हिरवा बेरियम. प्रत्येक मूलद्रव्य तापले की ठराविक रंगांचाच प्रकाश टाकते, आणि त्याच्या वायूतून प्रकाश गेला तर तेच नेमके रंग शोषून घेते. सूर्यप्रकाश लोलकातून पाठविला की इंद्रधनुष्यासारखा वर्णपट मिळतो, आणि बारकाईने पाहिल्यास त्यात शेकडो काळ्या रेषा दिसतात. १८५९ मध्ये किर्खहोफ व बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की या काळ्या रेषा म्हणजे सूर्याच्या वातावरणातील मूलद्रव्यांच्या सह्या आहेत.

या शोधाची एक पायरी भारतात चढली गेली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रातील गुंटूर येथे आला होता. ग्रहणात सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांचा वर्णपट त्याने पाहिला. त्यात एक पिवळी रेषा सोडियमच्या अगदी जवळची, पण सोडियमची नव्हे, अशी निघाली. इंग्लंडमध्ये लॉकियर यानेही ती त्याच वर्षी पाहिली आणि ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची असावी असा तर्क केला. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. फुग्यात भरतात तोच हा वायू. तो आधी सूर्यावर सापडला आणि सुमारे सत्तावीस वर्षांनी पृथ्वीवर.

तरीही एक कोडे उरलेच. सह्या वाचता येत होत्या, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. निरनिराळ्या ताऱ्यांचे वर्णपट इतके भिन्न का? अभिजित, व्याध यांसारख्या पांढऱ्या ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा ठळक, सूर्यात कॅल्शियमच्या, लालसर ताऱ्यांत आणखी निराळ्याच. एकेक तारा वेगवेगळ्या पदार्थांचा बनला आहे काय? सूर्य पृथ्वीसारखाच मुख्यतः लोखंड आणि दगडमातीच्या द्रव्यांचा, फक्त तापलेला, असे त्या वेळी बहुतेकांचे मत होते. हे कोडे सोडविले ते मेघनाद साहा यांनी. वसतिगृहात राहून शिकलेल्या आमच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला या माणसाचे चरित्र ठाऊक असावे असे आम्हांस मनापासून वाटते, म्हणून येथे थोडे थांबतो.

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील शेवडातली या खेड्यात झाला. वडिलांचे लहानसे किराणा दुकान होते, घरात आठ मुले, आणि जात तत्कालीन बंगालच्या उतरंडीत खालची मानली गेलेली. गावात प्राथमिक शिक्षणापलीकडे सोय नव्हती. पुढची शाळा सुमारे दहा किलोमीटरवर. अनंतकुमार दास नावाच्या एका डॉक्टरांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. अट एवढीच की मुलाने घरातील गाईची निगा राखावी आणि जातीमुळे आपले ताट आपणच घासावे. मुलाने ते केले आणि परीक्षेत जिल्ह्यात पहिला येऊन शिष्यवृत्ती मिळविली. ढाक्याच्या शाळेत गेल्यावर १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीविरुद्धच्या निषेधात सहभागी झाल्याबद्दल ती शिष्यवृत्ती गेली. पुढे कलकत्त्याला महाविद्यालयात सत्येंद्रनाथ बोस वर्गबंधू, जगदीशचंद्र बोस व प्रफुल्लचंद्र राय गुरू लाभले. वसतिगृहात मात्र काही सहविद्यार्थ्यांनी साहांच्या पंगतीला बसण्यास हरकत घेतली. त्यांना वेगळे जेवावे लागले.

त्याच माणसाने १९२० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आयनीभवनाचे ते समीकरण प्रसिद्ध केले, जे आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याचा गाभा असा : ताऱ्याच्या वातावरणात उष्णतेने अणूंचे इलेक्ट्रॉन निखळतात. कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू निखळतील, हे तापमानावर व दाबावर अवलंबून असते. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या रेषा आणि शाबूत अणूच्या रेषा वेगळ्या असतात. म्हणून वर्णपटातील फरक हा मुख्यतः पदार्थांचा फरक नसून तापमानाचा फरक आहे.

आम्ही वर्गात हे हजेरीच्या दृष्टान्ताने समजावतो. हजेरी घेताना काही मुले खणखणीत "हजर" म्हणतात, काही पुटपुटतात. केवळ आवाजावरून पट मोजला तर पुटपुटणारी सारी मुले गैरहजर ठरतील. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस आहे. या तापमानाला कॅल्शियम खणखणीत ओरडतो आणि हायड्रोजन जवळजवळ मौन धरतो. दहा हजार अंशांच्या आसपास तोच हायड्रोजन सर्वांत मोठ्याने बोलतो. साहांच्या समीकरणाने, कोण किती आवाजात बोलेल हे आधीच कळू लागले आणि त्यावरून खरा पट मांडणे शक्य झाले.

तो पट मांडला सिसिलिया पेन या तरुणीने. इंग्लंडमधील ज्या विद्यापीठात ती शिकली, तेथे स्त्रियांना त्या काळी पदवी देत नसत. म्हणून ती अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत गेली. साहांचे समीकरण शेकडो वर्णपटांना लावून तिने १९२५ च्या आपल्या प्रबंधात दाखविले की सारे तारे जवळपास एकाच द्रव्यांचे आहेत आणि त्यांत हायड्रोजन इतर कशाहूनही प्रचंड प्रमाणात अधिक आहे. त्या काळचे ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ रसेल यांना हे अशक्य वाटले. त्यांच्या सल्ल्यावरून तिला आपलाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे प्रबंधात लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः दुसऱ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोहोचले. पंगतीबाहेर बसविलेला एक विद्यार्थी आणि पदवी नाकारलेली एक विद्यार्थिनी, या दोघांच्या कामातून माणसाला प्रथम कळले की तारा म्हणजे मुख्यतः हायड्रोजनचा गोळा आहे.

यानंतरची कथा भराभर सांगता येते. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होते. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश आहे. तेथे दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन खर्ची पडतो आणि त्यातील सुमारे ४० लाख टन वस्तुमानाची ऊर्जा होते. हे ४६० कोटी वर्षे चालले आहे, आणखी साधारण ५०० कोटी वर्षे चालेल. मग सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल आणि शेवटी पृथ्वीएवढ्या आकाराचा, अत्यंत दाट, विझत जाणारा श्वेत बटू तारा उरेल. व्याधाचा एक अंधूक सोबती आजच त्या अवस्थेत आहे. श्वेत बटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर, एकोणिसाव्या वर्षी, गणिताने काढले. सूर्याच्या आठपटींहून मोठे तारे मात्र शांतपणे विझत नाहीत. त्यांचा स्फोट होतो. १०५४ साली वृषभ राशीत झालेला असा एक स्फोट चिनी ज्योतिर्विदांनी नोंदविला आहे. तो २३ दिवस भरदिवसाही दिसत होता. त्या जागी आज वायूचा पसरता मेघ आहे आणि मध्यभागी सेकंदाला तीस गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा. त्याहूनही जड गाभा कोसळला तर त्यातून प्रकाशही सुटू शकत नाही, ते कृष्णविवर.

आपल्या हाडांतील कॅल्शियम, श्वासातील ऑक्सिजन, रक्ताला तांबडा रंग देणारे लोह हे सारे कोणत्या ना कोणत्या ताऱ्याच्या पोटात किंवा स्फोटात घडले आणि पुढे सूर्यमालेच्या मातीत मिसळले. यात जातीचा, गोत्राचा, राशीचा कसलाही भेद झालेला नाही. सोन्याची गोष्ट आणखी निराळी. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या आणि अशा टकरींत सोन्यासारखी जड मूलद्रव्ये तयार होतात याचा पुरावा मिळाला. लग्नात मंगळाला भिणारी मंडळी अंगभर घालतात ते सोने असे आलेले आहे! या लहरी टिपणारी एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे उभारली जात आहे.

'तारा तुटला' असे आपण म्हणतो, त्यात तारा मुळीच नसतो. वाळूच्या कणाएवढा, फार तर खड्याएवढा तुकडा वातावरणात घर्षणाने जळतो, ती उल्का. मोठा तुकडा न जळता खाली आला तर काय होते, हे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराकाठी उभे राहून पाहावे.

साहा पुढे पुन्हा आकाशाकडे वळले, पण या वेळी पंचांगाच्या वाटेने. १९५२ मध्ये नेमलेल्या दिनदर्शिका सुधार समितीचे ते अध्यक्ष होते. देशात तेव्हा सुमारे तीस प्रकारची पंचांगे चालत होती आणि वर सांगितलेल्या त्या सरकत्या खुणेमुळे ऋतूंशी त्यांचा मेळ सुमारे २३ दिवसांनी चुकला होता. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. साहांचे फेब्रुवारी १९५६ मध्ये निधन झाले आणि २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने नवी राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. वर्तमानपत्राच्या माथ्यावर 'भारतीय सौर' अशी जी तिथी छापतात ती हीच. घरोघरच्या भिंतीवर मात्र अजून जुनेच पंचांग टांगलेले दिसते, हे नमूद करावे लागते.

ग्रहताऱ्यांचा माणसाच्या नशिबावर परिणाम होतो काय, हे तपासण्याचा एक प्रांजळ प्रयत्न २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका जमविल्या. प्रत्येक ज्योतिषास त्यांतील चाळीस देऊन, कोणती पत्रिका कोणत्या गटातील मुलाची हे ओळखावयास सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तरी ५० टक्के बरोबर येण्याची अपेक्षा होती.

राहता राहिले मूळ नक्षत्र. वृश्चिकाच्या, म्हणजे आकाशातील विंचवाच्या, नांगीचे तारे ते मूळ. या नक्षत्रावर मूल जन्मले तर बापाला वाईट, अशी समजूत अनेक घरांत आहे. काही ठिकाणी बाळाचे तोंड पाहण्यासही वडिलांना दिवसेंदिवस थांबवितात. या दिशेला खरोखर काय आहे? आपला सूर्य ज्या आकाशगंगेत आहे, तिच्यात दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत, आणि त्या साऱ्या पसाऱ्याचे केंद्र नेमके त्याच दिशेला, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. केंद्र त्या बाजूला असल्याचे १९१८ मध्ये शॅप्ली यांनी गोलाकार तारकागुच्छांच्या मांडणीवरून दाखविले. तेथे सूर्याच्या ४० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे; त्याचे चित्र २०२२ मध्ये जगाने पाहिले. 'मूळ' या नावावरून प्राचीनांना हे सारे ठाऊक होते असे मात्र कोणी म्हणू नये; दुर्बिणीवाचून ते कळण्याजोगे नाही.

मे महिन्यात सुटीसाठी गावी गेलात, तर मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. तांबूस ज्येष्ठा आधी सापडते. ते विंचवाचे काळीज. तेथून ताऱ्यांची वळणदार ओळ खाली व डावीकडे जाते आणि शेवटी जवळजवळ चिकटलेले दोन तारे दिसतात, ती नांगी. हात लांब करून मूठ धरली, तर नांगीच्या वर साधारण त्या मुठीएवढ्या अंतरावर, किंचित डावीकडे, आकाशगंगेचा पट्टा सर्वांत दाट व दुधाळ झालेला दिसेल. केंद्र त्याच जागी, पण धुळीच्या ढगांआड असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. रेडिओ लहरींना ती धूळ अडवीत नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. त्या तबकड्यांनी या मूळ नक्षत्राच्या दिशेचाही वेध घेतलेला आहे. जुन्नरची लेणी पाहावयास जाणाऱ्या सहलींनी खोडदचाही कार्यक्रम आखावा. भेटीची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि रेडिओ लहरींत व्यत्यय येऊ नये म्हणून आवारात मोबाईल बंद ठेवावा लागतो.